बालीच्या अलीकडे, सुराबाया

बंगळुरूला आल्यापासून पाहतोय, मेसमध्ये कुणी लांब रजेचा विषय काढला की दोन मिनिटांत गाडी बालीवर जाते. २०२४ च्या मार्चपासून इथून देनपसारला थेट विमान आहे. परदेशी जायच्या परवानगीचे कागद एकदाचे सही होऊन आले (ज्यांनी ते केलेत त्यांना ठाऊक आहे, तिकीट त्या मानाने सोपं) की फौजी कुटुंब बालीला निघतं. समुद्रकिनारा, भाताची खाचरं, देवळं, फोटो. जावं, जरूर जावं. पण बालीच्या पश्चिम टोकाला गिलिमानुक नावाचं बंदर आहे. तिथून फेरीबोटीत बसलं की तासाभरात माणूस पलीकडच्या बेटावर उतरतो. ते बेट जावा, आणि तो प्रांत पूर्व जावा, तिकडच्या भाषेत 'जावा तिमूर'. राजधानी सुराबाया. तिथे आपल्या माणसांचा, अगदी आपल्या म्हणजे मराठा पलटणींचा, एक इतिहास पडून आहे. तिथे तो दुसऱ्याच नावाने सांगितला जातो आणि इथे सांगितलाच जात नाही. मी रजा काढून तिथे जाऊन आलो, म्हणून हा लेख.

आधी प्रांत पाहू. क्षेत्रफळ सुमारे ४८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यात माणसं ४ कोटींहून जास्त. एवढी माणसं त्या जमिनीवर पोसली जातात ती ज्वालामुखीच्या राखेमुळे. जावातला सगळ्यात उंच डोंगर इथेच आहे, सेमेरू, ३,६७६ मीटर. नाव ऐकून जे मनात येतं तेच बरोबर, हा आपला सुमेरू. तो जागा ज्वालामुखी आहे, त्यामुळे वर चढायची परवानगी मिळेलच असं धरून जाऊ नका. त्याच्या शेजारचा ब्रोमो मात्र सगळ्यांना पाहता येतो. ब्रोमो म्हणजे ब्रह्मा. रात्री दोन-अडीचला जीपने निघायचं, काळोखात कड्यावर जाऊन उभं राहायचं आणि उजाडताना समोर धुराचा तो लोट पाहायचा. विषुववृत्ताजवळचा देश म्हणून स्वेटर न घेता गेलात तर कुडकुडाल. ब्रोमोच्या आसपास तेंगेर लोकांची गावं आहेत. सारं जावा मुसलमान झालं तरी हे डोंगरातले लोक हिंदू राहिले. कसादाच्या सणाला ते भाजीपाला, कोंबड्या, तांदूळ घेऊन ज्वालामुखीच्या तोंडाशी जातात आणि आत टाकतात. पूर्वेकडे इजेन आहे. तिथे रात्री गंधकाच्या निळ्या ज्वाळा दिसतात. पर्यटक त्या पाहायला जातात. मी मात्र खांद्यावर गंधकाच्या टोपल्यांची कावड घेऊन खड्ड्यातून वर येणाऱ्या मजुरांकडेच बघत राहिलो. पाठीवर लोड घेऊन चढण चढायची आम्हाला सवय असते, पण ते ओझं वेगळं.

सुराबायाला लागून मदुरा बेट आहे. २००९ पासून मध्ये साडेपाच किलोमीटरचा पूल आहे. मदुरात बैलांच्या शर्यती होतात, 'कारापान सापी' म्हणतात. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीच्या नादिष्टांना एवढंच सांगतो, गुलाल तेवढा नसतो, बाकी सगळं तेच.

आता इतिहास. सुराबायापासून साठेक किलोमीटरवर त्रोवुलान नावाचं गाव आहे. भाजक्या विटांची जुनी द्वारं, एक स्नानकुंड, एक म्युझियम. ही मजापहितची राजधानी होती. 'मजा' म्हणजे बेल, 'पहित' म्हणजे कडू. जुन्या लेखांत याच राज्याचं संस्कृत नाव 'बिल्वतिक्त' असं येतं. कडू बेलाच्या नावाचं हे राज्य कसं उभं राहिलं ती गोष्ट मला एनडीएमध्ये मिलिटरी हिस्ट्रीच्या तासाला कुणी सांगितली असती तर मी नक्की झोपलो नसतो.

१२८९ मध्ये कुबलाई खानाचा दूत सिंगसारीच्या कृतनगर राजाकडे खंडणी मागायला आला. राजाने त्याच्या तोंडावर डाग देऊन त्याला परत पाठवलं. खानाने मोठं आरमार धाडलं. ते जावाला पोचेपर्यंत इकडे घरातच उलथापालथ झाली होती. केदिरीच्या जयकत्वंगाने १२९२ मध्ये कृतनगराला मारून गादी घेतली होती. कृतनगराचा जावई रादेन विजय जयकत्वंगाला शरण गेल्याचं दाखवून एका जंगलात नवी वसाहत वसवत बसला होता. तीच मजापहित. मंगोल उतरले. विजय त्यांना जाऊन मिळाला, 'तुमचा आणि माझा शत्रू एकच' म्हणाला आणि त्यांच्याच हातून १२९३ मध्ये जयकत्वंगाचा निकाल लावला. मग म्हणाला, घरी जाऊन खंडणी घेऊन येतो. सोबत थोडे मंगोल दिले होते, ते वाटेत कापले आणि विजयात गाफील असलेल्या मुख्य फौजेवर तुटून पडला. वारा फिरायच्या आत निघालं नाही तर पुढचे कित्येक महिने अडकून पडू, हे मंगोल सेनापतींना कळत होतं. ते जहाजांत बसून निघून गेले. सुराबाया शहर आपला स्थापनादिन ३१ मे १२९३ मानतं, तो या विजयाचा दिवस म्हणून. गनिमी कावा या शब्दावर आपलीच मक्तेदारी आहे असं वाटणाऱ्या मराठी माणसाने हे राज्य जरूर पाहावं. पुढे गजा मद या पंतप्रधानाच्या काळात मजापहितचा अंमल आजच्या इंडोनेशियाच्या बऱ्याच भागावर पसरला. इंडोनेशियाचं ब्रीदवाक्यसुद्धा मजापहित काळातल्या सुतसोम या काव्यातून घेतलंय. ब्लितारजवळ पनातारनचं देऊळ आहे, त्याच्या भिंतीवर लंकेतल्या हनुमानाच्या प्रसंगांची शिल्पं आहेत. ब्लितारमध्येच सुकार्नोंची कबर आहे. एका दिवसात दोन्ही होतात.

इथवर पर्यटन. आता ज्यासाठी लिहायला बसलो तिकडे वळतो, आणि त्यासाठी पुन्हा बंगळुरूला यावं लागेल.

इथे के. आर. मार्केटजवळ जुन्या किल्ल्याचा उरलेला तुकडा आहे. २१ मार्च १७९१ ला कॉर्नवॉलिसच्या फौजेने याच तटाला खिंडार पाडून किल्ला घेतला, अशी पाटी तिथे लावलेली आहे. त्या मोहिमेत कॉलिन मॅकेन्झी नावाचा एक इंजिनिअर अधिकारी होता. टिपू पडल्यावर याच मॅकेन्झीने म्हैसूर राज्याची मोजणी केली आणि गावोगावच्या बखरी, शिलालेख, कैफियती गोळा केल्या. दक्षिणेच्या इतिहासाचा अभ्यास करणारा कुणीही त्याच्या संग्रहाशिवाय पुढे जाऊ शकत नाही. १८११ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो जावावर निघाला. नेपोलियनने हॉलंड गिळलं होतं, म्हणून डचांचं जावा इंग्रजांच्या हिशेबात फ्रेंचांचं झालं होतं. तेव्हा या मोहिमेचा चीफ इंजिनिअर म्हणून मॅकेन्झी गेला आणि सोबत मद्रास पायोनियर्स गेले. हेच पुढचे मद्रास सॅपर्स, ज्यांचं सेंटर आज हलसूर तळ्याच्या काठावर आहे. त्यांच्या बॅटल ऑनर्समध्ये 'जावा' आहे. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाकडेही तो आहे. रोज त्या भिंतीवरून गाडी घेऊन जाणाऱ्या बंगळुरूकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

४ ऑगस्ट १८११ ला फौज बताव्हियाजवळ उतरली, २६ ऑगस्टला मेस्टर कॉर्नेलिसची तटबंदी पडली आणि १८ सप्टेंबरला डच गव्हर्नर यान्सेन्सने शरणागती पत्करली. हे झालं युरोपियनांचं आपसातलं. पण २० जून १८१२ ला याच फौजेने योग्यकार्ताच्या सुलतानाचा राजवाडा चढून घेतला, सुलतानाला पिनांगला पाठवलं आणि वाडा लुटला. खजिना गेलाच, सोबत ग्रंथालयही गेलं. रॅफल्स, क्रॉफर्ड आणि आपल्या मॅकेन्झीने पोथ्या वाटून घेतल्या. त्यातल्या पंचाहत्तर पोथ्यांची डिजिटल प्रत ब्रिटिश लायब्ररीने २०१९ मध्ये आजच्या सुलतानाला दिली. मूळ पोथ्या लंडनलाच आहेत.

या राजवाड्यावर चढाई करणारा सेनापती रोलो गिलेस्पी. वेल्लोरला १८०६ मध्ये शिपायांचं बंड मोडणारा तोच. आणि १८१४ मध्ये डेहराडूनच्या नालापाणीला गुरख्यांसमोर मेला तोही तोच. आयएमएमध्ये असताना सहस्रधारा रस्त्यावरचं खलंगा स्मारक आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. तिथे दोन स्तंभ शेजारी शेजारी आहेत, एक गिलेस्पीच्या बाजूचा आणि एक बलभद्र कुंवरच्या गुरख्यांचा. लढलेल्या दोन्ही बाजूंना एकाच चौथऱ्यावर उभं केलंय. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याने एक ठरवलं. इंग्रजांसाठी आपल्याच लोकांविरुद्ध मिळवलेले बॅटल ऑनर, म्हणजे असई किंवा श्रीरंगपट्टण यांसारखे, साजरे करायचे नाहीत. योग्यच आहे ते. पण दुसऱ्या कुणाच्या स्वातंत्र्याच्या आड आपल्याला उभं केलं गेलं, त्याचं काय? तिथे आपण बॅटल ऑनर घेतला नाही, पण आठवणही ठेवली नाही. सुराबाया, १९४५.

१५ ऑगस्ट १९४५ ला जपानने हार मानली. १७ ऑगस्टला सुकार्नो आणि हत्तांनी इंडोनेशियाचं स्वातंत्र्य जाहीर केलं. डच अजून परतलेच नव्हते. जपान्यांना नि:शस्त्र करणं आणि छावण्यांत अडकलेल्या युद्धकैद्यांना, डच बायकामुलांना बाहेर काढणं हे काम माउंटबॅटनच्या कमांडकडे आलं. इंग्रज टॉमीला घरी जायचं होतं. मग गेलं कोण? भारतीय डिव्हिजन्स.

सुराबायाला गेली ४९ इंडियन इन्फंट्री ब्रिगेड, २३ इंडियन डिव्हिजनची. या डिव्हिजनचं चिन्ह लढणारा कोंबडा. ब्रिगेडच्या तीन पलटणींपैकी दोन मराठा लाइट इन्फंट्रीच्या, ४/५ आणि ६/५. तिसरी ५/६ राजपुताना रायफल्स. ४/५ मराठा म्हणजे मार्च १९४४ ला मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांना रोखून धरणाऱ्यांत जी होती तीच पलटण. कोहिमाच्या कहाण्या आपण सांगतो, त्यात सांगशाकला मिळालेल्या त्या काही दिवसांचा मोठा वाटा आहे. बेळगावच्या सेंटरमध्ये तयार झालेली, ब्रह्मदेशच्या सीमेवर भाजून निघालेली ही पोरं. युद्ध संपलं, आता गाव, असं मनात घेऊन बसलेली. २५ ऑक्टोबरला ती सुराबायाच्या तांजुंग पेराक बंदरात उतरली.

सुराबायात तोवर काय झालं होतं तेही सांगायला हवं. १९ सप्टेंबरला तिथल्या यामातो हॉटेलवर काही डचांनी आपला झेंडा लावला. पोरं गच्चीवर चढली आणि त्या लाल-पांढऱ्या-निळ्या झेंड्याची निळी पट्टी फाडून टाकली. उरला तो लाल-पांढरा, म्हणजे इंडोनेशियाचा झेंडा. जपान्यांचा शस्त्रसाठा सगळाच्या सगळा स्थानिक तरुणांच्या हातात गेला होता. रेडिओवरून सुतोमो नावाचा पंचवीस वर्षांचा पोरगा रोज भाषणं करत होता. लोक त्याला 'बुंग तोमो' म्हणत, म्हणजे तोमोभाऊ. त्या लोकांना खात्री होती की हिंदी शिपाई पुढे आलाय आणि त्याच्या पाठीमागून डच येतोय. त्यांचं काही चुकत नव्हतं.

ब्रिगेडिअर मॅलबीने २६ ऑक्टोबरला स्थानिक नेत्यांशी बोलून तोडगा काढला. इंडोनेशियन फौजेने शस्त्रं ठेवावीत, आम्ही आमचं काम करून जाऊ. दुसऱ्या दिवशी बताव्हियाहून, म्हणजे जवळपास सातशे किलोमीटरवरून, एक विमान आलं आणि शहरावर पत्रकं टाकून गेलं. त्यावर डिव्हिजनच्या जनरलची आज्ञा होती, ४८ तासांत शस्त्रं टाका, नाहीतर गोळी घालू. मॅलबीचा शब्द गेला. त्याने वरचा हुकूम मानायचा ठरवलं.

इथे व्यवसायाच्या नात्याने दोन शब्द बोलतो. जागेवरच्या कमांडरने दिलेला शब्द वरच्या हेडक्वार्टरने न विचारता मोडणं हा एक भाग. त्याहून वाईट म्हणजे चार हजारांच्या वर माणसांची ब्रिगेड शहरभर विखुरली होती. इथे एक प्लाटून, तिथे अर्धी कंपनी. टेलिफोन एक्स्चेंज, इस्पितळ, वीजघर, रेडिओ, छावणी. बंदोबस्ताच्या हिशेबाने ती मांडणी ठीक होती, लढाईच्या हिशेबाने आत्मघात. एकमेकांच्या मदतीला जाता येणार नाही, दारूगोळा खिशात आहे तेवढाच, आणि भोवती लाखाच्या वर जमाव. २८ ऑक्टोबरच्या दुपारी सगळीकडून एकदम हल्ला झाला. बायकामुलांना घेऊन जाणारा ट्रकांचा ताफा गुबेंग भागात सापडला. त्याच्या सोबत हिंदी सैनिकांचं एस्कॉर्ट होतं. गोळ्या संपेपर्यंत ते लढले. त्यातले बहुतेक वाचले नाहीत, बरीच बायकामुलंही नाहीत. त्या जवानाच्या दृष्टीने विचार करा. तो स्वातंत्र्य चिरडायला उभा नव्हता, ट्रकमधल्या पोरांसाठी उभा होता. आणि समोरचा पोरगाही बायकामुलं मारायला आला नव्हता, त्याला डच परत नको होते. दोघांनाही तिथे कुणीतरी तिसऱ्यानेच आणून उभं केलं होतं.

२९ तारखेला इंग्रजांनी स्वतःच्या विमानातून सुकार्नोंना आणलं, कारण त्यांच्याशिवाय लोक ऐकणार नव्हते. ३० तारखेला युद्धबंदी ठरली. संध्याकाळी मॅलबी आणि दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी गोळीबार थांबवा सांगत गाड्यांतून फिरत होते. जेम्बातान मेराह, म्हणजे लाल पूल, त्याच्या समोर इंटरनॅशिओ नावाची मोठी इमारत. आत ६/५ मराठाची डी कंपनी वेढली गेली होती. कंपनी कमांडर मेजर वेणुगोपाल, भारतीय अधिकारी. बाहेर जमाव, जमावात ब्रिगेडिअरची गाडी. पुन्हा गोळीबार सुरू झाला. पहिली गोळी कुणाची यावर ब्रिटिश पार्लमेंटपासून आजपर्यंत वाद आहे. रात्री साडेआठच्या सुमाराला मॅलबी गाडीतच मारला गेला. त्या इमारतीच्या खिडकीत मी असतो तर काय केलं असतं, हे मी तिथे उभा राहून बराच वेळ स्वतःला विचारलं. माझी माणसं आत, माझा कमांडर बाहेर, जमाव दारावर. कागदावर दहा पर्याय सुचतात. खिडकीतून एकच दिसतो.

त्या तीन दिवसांत ब्रिगेडचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता धरून चारशेच्या आसपास झाले. मग ५ इंडियन डिव्हिजन उतरली, रणगाडे आले, नौदलाच्या तोफा आल्या, विमानं आली. ९ नोव्हेंबरला निर्वाणीचा इशारा, १० नोव्हेंबरला सकाळी हल्ला. सुराबायाच्या पोरांनी शहर गल्लीगल्लीने तीन आठवडे लढवलं. त्यांचे किती गेले याचे आकडे सहा हजारांपासून सोळा हजारांपर्यंत सांगितले जातात. शहर पडलं. पण हे प्रकरण चार टाळक्यांचं नाही, हे जगाला कळलं. १० नोव्हेंबर हा इंडोनेशियाचा वीर दिन, 'हारी पाहलावान'. सगळा देश पाळतो.

आता याच दिवसांत आपल्याकडे काय चाललं होतं ते शेजारी ठेवा. ५ नोव्हेंबर १९४५ ला लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला उभा राहिला. नेहरू जाहीरपणे विचारत होते, आमचे शिपाई इंडोनेशियात कशाला? सुराबायाच्या भिंतींवर हिंदी शिपायांसाठी 'आझादी'च्या घोषणा रंगवल्या होत्या. काही शेकडा शिपाई पलटण सोडून पलीकडे गेले, त्यांत बहुतेक मुसलमान होते. सैन्याचे जनसंपर्क अधिकारी म्हणून ब्रिगेडसोबत गेलेले कॅप्टन पी. आर. एस. मणी यांनी हे सगळं पाहिलं, नोकरी सोडली आणि मुंबईच्या फ्री प्रेस जर्नलचे वार्ताहर म्हणून तिथेच परत गेले. आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत 'तलवार'च्या नाविकांनी बंड केलं, तेव्हा त्यांच्या मागण्यांत जेवणाच्या मागणीसोबत एक मागणी होती, इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणा. नाविकांचं बंड आपण शाळेत शिकतो. ती मागणी कुणासाठी होती ते शिकवत नाहीत. ती सुराबायातल्या मराठ्यांसाठीही होती. नोव्हेंबर १९४६ अखेर त्या फौजा निघाल्या.

सुराबायाच्या म्युझियममध्ये गेलात तर एक गोष्ट खटकेल. लोक तुम्हाला अगदी प्रेमाने सांगतील, इंग्रजांसोबत 'गुरखा' आले होते. मॅलबी आणि गुरखा, हीच तिथली जोडी. आपली दाढीमिशीवाली, गव्हाळ, परक्या भाषेत बोलणारी पोरं त्यांना गुरखाच वाटली. मराठा हा शब्द मला तिथे कुणाच्या तोंडून ऐकू आला नाही. म्हणजे तिथे ती दुसऱ्याच्या नावाने मेली, आणि इथे?

इथलं सांगतो. आमच्या साताऱ्याकडच्या गावात एका घरी गेलो होतो. तिथल्या काकींनी फौजी पाहुणा आला म्हणून सासऱ्यांची ट्रंक उघडून दाखवली. पदकं होती, बर्मा स्टारही होता. आणि जांभळ्या फितीत मधोमध हिरवी पट्टी असलेलं एक पदक. त्यावर धातूची आडवी पट्टी, 'एस. ई. एशिया १९४५-४६'. जावा, सुमात्रा आणि इंडोचायनात युद्धानंतर गेलेल्यांना ही पट्टी मिळाली. मी विचारलं, "काकी, हे कशाचं, कधी बोलले का?"

"न्हाई ओ साहेब. मामंजी बर्माचं लई सांगायचे. जावाला गेलतो म्हणायचे, पर तिथलं काय इचारलं की उठून गोठ्यात जायचे."

मराठा रेजिमेंटचा इतिहास आपण सांगतो तेव्हा केरन सांगतो, इटलीतले यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव सांगतो. सांगायलाच हवेत. सुराबाया सांगताना जीभ अडते, कारण ती हरल्याची गोष्ट नाही आणि जिंकल्याचीही नाही. शौर्य होतं, शिस्त होती, बाजू आपली नव्हती. पण त्या जवानाने बाजू निवडली नव्हती. ज्याने निवडली त्याची आठवण जकार्तात नीट ठेवलेली आहे. मेंतेंग पुलोच्या युद्ध-दफनभूमीत मॅलबीची कबर आहे, हिरवळ कातरलेली असते. गुबेंगच्या ट्रकांजवळ पडलेल्यांसाठी डेहराडूनसारखा जोडस्तंभ सुराबायात कुठे माझ्या तरी पाहण्यात आला नाही.

दोन्ही देशांनी मात्र मनात काही धरलं नाही. १९४६ मध्ये, फौजा अजून तिथेच असताना, पंतप्रधान शहरीर यांनी दुष्काळाच्या सावटातल्या भारताला पाच लाख टन तांदूळ देऊ केला. जुलै १९४७ मध्ये बिजू पटनाईक विमान घेऊन गेले आणि डचांच्या नाकाखालून शहरीरना बाहेर काढून आणलं. त्याच महिन्यात २९ तारखेला औषधं घेऊन येणारं पटनाईकांच्या कंपनीचं डाकोटा डचांनी योग्यकार्ताजवळ पाडलं. इंडोनेशियाचं हवाई दल तो दिवस आजही पाळतं. १९५० च्या २६ जानेवारीला, आपल्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला, प्रमुख पाहुणे सुकार्नो होते. २०२५ ला प्रबोवो आले आणि त्यांची तुकडी कर्तव्यपथावर आपल्या तुकड्यांसोबत चालली. त्यांच्या आणि आपल्या स्पेशल फोर्सेसचा 'गरुडशक्ती' सराव होतो, तेव्हा मला वाटतं, एखाद्या संध्याकाळी बडाखान्यात कुणीतरी हा विषय काढावा. त्यांच्यातल्या एखाद्याचा आजा लाल पुलाच्या त्या बाजूला असेल.

जाणार असाल तर थोडं व्यवहाराचं. बालीहून फेरीने बन्युवांगी, तिथे इजेन, मग रेल्वेने पश्चिमेला, मध्ये उतरून ब्रोमो, शेवटी सुराबाया. उलटंही चालतं. सुराबायाला दोन दिवस ठेवा. निळी पट्टी फाडली ते हॉटेल आज मजापहित नावाने चालू आहे, आत चहा प्यायला जाता येतं. तुगू पाहलावान हा वीरस्तंभ उलट्या खिळ्यासारखा दिसतो, ४१.१५ मीटर उंच. त्याच्या आवारात जमिनीखाली म्युझियम आहे, तिथे बुंग तोमोचा आवाज ऐकायला मिळतो. तिथून लाल पूल अगदी जवळ. पुलावर उभं राहून नदी पाठीशी घ्या. समोर चौक आहे, त्याच्या पलीकडे इंटरनॅशिओची इमारत अजून उभी आहे. चौकात गाड्यावर सरबत, भजी मिळतात, संध्याकाळी पोरं सायकली फिरवत असतात. वरच्या मजल्याच्या खिडक्या मोजा. डी कंपनी तिथे होती.

आणि तिकीट काढण्याआधी घरातली ट्रंक एकदा उघडा. जांभळी-हिरवी फीत असेल तर पदकाची कड उजेडात धरून पाहा. नंबर, नाव आणि पलटण तिथे बारीक अक्षरांत कोरलेली असते.